पश्चिमेची भिंत

"ऐकलंस का गो? मुंबईकरांच्या नव्या बंगल्यात पाणी येतंय!"

काकूंचा हा आवाज मला पाठ आहे. वाडीत कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेने वेगळं बिऱ्हाड केलं, की तो गडग्यापलीकडून येतो. आमच्या दोन परड्यांच्या मध्ये चिऱ्याच्या तुकड्यांचा कमरेएवढा गडगा आहे. श्रावणात त्याच्यावर शेवाळ, नेचे आणि काकूंची दोन कोपरं असतात.

"स्लॅब गळतोय का?" मी अळूची पानं खुडता खुडता विचारलं.

"त्यांनाही तेच वाटलं ना! गेल्या पावसाळ्यात डाग दिसले, तशी मे महिन्यात स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा घालून घेतला. विटांचे तुकडे, वर सिमेंट, त्यावर पांढऱ्या चायना चिप्स, सगळं साग्रसंगीत. पैसे किती गेले ते विचारू नकोस. आणि आषाढात पहिली पश्चिमेची झड आली मात्र, हॉलच्या भिंतीला ताटाएवढे दोन डाग, एक खिडकीखाली नि एक वर. पुन्हा तिथेच!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आपली दूधवाली तिथे केरवाऱ्याला जाते की. सोफा दोन हात पुढे ओढलाय म्हणाली. मागे ही बुरशी. मुंबईकरीण नाकाला पदर लावून... पदर कुठला, रुमाल लावून फिरते."

"काकू!"

"मी नावं ठेवत नाही हो कुणाला. माणसं चांगली आहेत. पण एवढा पैसा ओतून माणसाने भिंतीला टेकू नये म्हणजे काय ते!" काकूंनी आवाज खाली आणला. म्हणजे खरी बातमी आता येणार. "स्लॅबचा दोष नव्हताच मुळी. पाणी वरून येतच नाहीये. भिंतीतून येतंय."

"गिलावा केलेल्या भिंतीतून? वर रंगाचे दोन हात मारलेले असताना?"

"आमचे हे काय म्हणतात ठाऊक आहे ना? गिलावा पाणी अडवत नाही, पाण्याला उशीर करतो. तेवढ्या वेळात पाऊस थांबावा, ऊन पडावं, भिंत सुकावी, असा तो हिशोब. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंतीला सुकायला फुरसत कुठली?"

काकूंचे 'हे' बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त झाले तरी भिंत दिसली की बोटाच्या पेराने वाजवून बघतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. गेल्या आठवड्यात उघडीप मिळाली तेव्हा मुंबईकरांनी त्यांना बोलावून नेलं, आणि तिथे जे नाटक झालं ते दूधवालीच्या तोंडून ऐकून काकूंनी आता साभिनय सादर केलं.

"ह्यांनी बागेचा पाइप घेतला नि भिंतीवर पाणी मारायला सुरुवात केली. पण कुठून? तळापासून! मुंबईकर म्हणाले, काका, पाऊस वरून पडतो. हे म्हणाले, वरून सुरुवात केली की पाणी सगळ्या भिंतीवर ओघळतं, मग ते शिरलं कुठून ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. म्हणून आधी जोत्याजवळ, मग हातभर वर, मग आणखी वर. प्रत्येक ठिकाणी चांगली पंधरा-वीस मिनिटं. आत दूधवालीला उभी केलेली, भिंतीकडे तोंड करून. पाणी दिसलं की ओरडायचं."

"आणि?"

"जोत्याला काही नाही. मधल्या भिंतीत काही नाही. खिडकीच्या उंबरठ्याला पाइप लावला नि पाच मिनिटांत आतून 'आलं आलं!' म्हणून अशी किंकाळी, की शेजारच्यांना वाटलं साप निघाला."

खिडकीचं प्रकरण काकूंनी हातवारे करून समजावलं. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. तिच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती रंगाने आणि रेतीने बुजली होती. त्यात खालचा ग्रॅनाइटचा दगड बसवताना उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा, तो दिलाच नव्हता. दगड साफ सपाट. पट्टीत साचलेलं पाणी आतल्या बाजूला वळून दगडाखाली गेलं आणि तिथून भिंतीत. दगडाचा बाहेरचा काठही भिंतीच्या बरोबरीने कापलेला. तो दोन बोटं पुढे असता तर दगडावरून ओघळणारं पाणी भिंतीला न लागता खाली पडलं असतं.

"हा एक डाग झाला. दुसरा?"

"दुसरा वरचा. स्लॅबखालच्या बीमला भिंत जिथे मिळते ना, तिथे आडवी भेग. केसाएवढी. बघितली तर दिसायचीही नाही. पण काँक्रीट ऊन-थंडीने वेगळं हलतं आणि चिरा वेगळा हलतो. दोघांच्या सांध्यावर गिलाव्याच्या आत चिकन मेश मारायची असते, कोंबड्यांच्या खुराड्याची ती षटकोनी जाळी. दोन्ही बाजूंना वीतभर आली पाहिजे. ती मारली नाही की गिलावा नेमका त्याच रेषेत फाटतो. आणि एवढीशी भेग म्हणून सोडून द्यायची नाही. रुंद भेगेत पाणी वाऱ्याने ढकलावं लागतं, बारीक भेग ते आपणहून ओढून घेते."

"मग सगळ्या बंगल्याला एकाच बाजूने का?"

"आपला पाऊस कुठून येतो? समुद्राकडून. पश्चिमेची नि नैर्ऋत्येची भिंत त्याच्या तोंडावर. त्यातही मार जास्त कुठे, तर वरच्या कडेला आणि कोपऱ्यांना. पूर्वेची भिंत अख्खा पावसाळा कोरडी राहील. पाऊस सरळ पडला तर त्यांच्या भिंतीला काही होत नाही, वारा सुटला की दुसऱ्या दिवशी डाग मोठा. हे त्यांच्या लक्षात आधीच यायला हवं होतं. स्लॅब गळत असता तर सरळ पावसातही गळला असता ना?"

काकूंनी गडग्यावरचं कोपर बदललं. आता बंगल्याच्या दिसण्यावर घसरणार हे उघड होतं.

"तो बंगला बघितलास ना तू? डबा नुसता. वर कौल नाही, पुढे वळचण नाही, खिडक्यांवर छज्जे नाहीत. आर्किटेक्ट म्हणाला म्हणे, छज्ज्याने लुक जातो. अरे, लुक जातो तर जाऊ दे, भिंत तरी राहील! आमच्या सासऱ्यांच्या घराची वळचण तीन फूट पुढे आहे. पागोळ्या अंगणात पडतात, भिंतीला शिंतोडासुद्धा नाही. वर पश्चिमेला पडवी. आणि आगोटीच्या तयारीत सासूबाई झावळ्यांचे झाप विणून त्या अंगाला बांधायच्या. गणपतीला बाहेरून घर दिसायचंच नाही, झापच दिसायचे."

"म्हणजे जुनं तेच चांगलं?"

"छे! मी कुठे म्हणते? ते झाप विणता विणता माझी बोटं सोलवटायची. कौलं दर वर्षी परतायला लागायची, वाशांना वाळवी. जुन्या घरात ओल नव्हती असं थोडंच आहे? होती. पण बाहेर आलेली वळचण नि भिंतीवरचा चुना, दोघं मिळून भिंत सुकू द्यायची. त्या चुन्यासाठी शिंपले भाजायचे, तो घाण्यात दळायचा, मुरवायचा. मऊ असतो तो. पाणी घेतो तसं सोडतोही. त्यात केसाएवढी भेग पडली तर पावसाच्या पाण्यात थोडा विरघळतो, पुन्हा तिथेच धरतो नि ती भरून काढतो. वर दर वर्षी सफेदीचा हात. सिमेंटला हे जमत नाही. सिमेंट कडक. फाटलं की फाटलं."

मग खालच्या आळीतल्या मास्तरांची गोष्ट निघाली. मास्तरांनी आजोबांच्या मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीला 'मजबूत' म्हणून भरपूर सिमेंटचा गिलावा मारून घेतला, आतून नि बाहेरून. आता जमिनीतून चढणारी ओल, जी पूर्वी जोत्याच्या वर फूटभर येऊन हवेत उडून जायची, ती दोन्हीकडून कोंडली गेली आणि कमरेपर्यंत चढली. मास्तर पावसाला शिव्या घालतात, आणि डाग मात्र मे महिन्यातही असतो.

"मग चिरा उघडाच ठेवावा की," मी म्हटलं. "आजकाल रिसॉर्टवाले ठेवतात. लाल दगड किती छान दिसतो."

काकू ह्याचीच वाट बघत होत्या.

"आम्ही ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीत जुन्या गोव्याला गेलो होतो ना, तिथे हेच झालं. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलंय ते चर्च, बॉम जेझू. सगळ्या बायका फोटो काढतायत, अय्या किती सुंदर लाल दगड! आणि आमचे हे मागे उभे राहून कपाळाला हात लावतायत. म्हणाले, १६०५ साली ह्या चर्चचा अभिषेक झाला तेव्हा हे असं लाल नव्हतं. वर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो खरवडून काढायला लावला. जुनंपुराणं, भारदस्त दिसावं म्हणून. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट चिऱ्यावर. चिऱ्यातला मऊ मातकट भाग धुपून जातो आणि नुसती भोकं राहतात. पुन्हा गिलावा करा म्हणून तिथल्या पाद्रींनीच मागणी केली, नि काहीजण म्हणाले लाल रंगाचीच लोकांना सवय झाली, तो घालवू नका."

"म्हणजे गिलावा हवाच."

"हवाच! दगडाच्या वाट्याचं झिजणं गिलावा आपल्यावर घेतो. पण तो कसा केलाय ते बघायला हवं. मुंबईकरांचा गिलावा केव्हा झाला आठवतंय का? एप्रिलच्या शेवटी नि मेमध्ये. तेव्हा आपल्या विहिरी तळाला गेलेल्या. टँकरच्या पाण्यावर वाडी जगत होती. गिलाव्यावर पाणी मारायला पाणी होतं कुणाकडे? निदान सात दिवस भिंत ओली ठेवायची असते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्या ठेकेदाराने सकाळी एकदा बादलीभर शिंपडलं, झालं. आणि रात्री तो कुठे असायचा ते मला नको विचारूस."

मी विचारलं नाही. काकूंनी सांगितलं. ते इथे नको.

ठेकेदाराची बाकीची कुंडलीही काकूंना तोंडपाठ होती. चिरा गिलाव्याआधी भिजवला नव्हता, त्यामुळे कोरड्या दगडाने गिलाव्यातलं पाणी शोषून घेतलं. दोन थरांचं काम एका थरात उरकलं. खरं तर आधी बारा ते पंधरा मिलिमीटरचा पहिला थर, तो खरवडून खडबडीत ठेवायचा, त्यावर पाणी मारायचं, भेगा पडायच्या त्या पडू द्यायच्या, मग सात-आठ मिलिमीटरचा दुसरा. दोन थरांतल्या भेगा एकावर एक येत नाहीत, म्हणून पाण्याला सरळ वाट मिळत नाही. सिमेंट एक भाग नि रेती चार भाग हे बाहेरच्या भिंतीला पुरतं. गवंडी 'स्ट्राँग' म्हणून त्याहून जास्त सिमेंट घालतो, आणि जास्त सिमेंट म्हणजे जास्त आकसणं, म्हणजे जास्त भेगा. खाडीची रेती न धुता वापरली तर मिठाने भिंतीला लोणा लागतो तो वेगळाच. पांढरी भुकटी सुटते, रंगाच्या मागे मिठाचे खडे धरतात आणि पोपडे ढकलून पाडतात.

"आणि वॉटरप्रूफिंगची पावडर घातली होती की त्यांनी," मी म्हटलं. "पिशव्या बाहेर पडलेल्या मी बघितल्या."

"घातली असेल. सिमेंटच्या पोत्यामागे किलोभर घालतात. ती गिलाव्यातली बारीक छिद्रं कमी करते. पण भेगेत पावडर काय करणार? भेग ती भेग."

एवढं होईपर्यंत पावसाची एक सर येऊन गेली. आम्ही दोघी आपापल्या छत्रीत, गडगा मध्ये. तेवढ्यात काकूंची नजर माझ्या घराच्या छज्ज्यावर गेली आणि त्या गडग्याला वळसा घालून सरळ माझ्या परड्यात आल्या.

"हे बघ. इथे ये."

स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा छज्जा. काकूंनी मला त्याच्या खाली उभी केली आणि वर बघायला लावलं. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, काठापासून दोन बोटं आत, भिंतीला समांतर एक खाच आहे. गवंडी तिला ड्रिप म्हणतात. छज्ज्यावरचं पाणी काठावरून खालच्या अंगाला वळतं, उलट्या बाजूला चिकटून भिंतीकडे सरकायला लागतं, खाचेपाशी पोचलं की त्याला पुढे जाता येत नाही आणि थेंब होऊन खाली पडतं. डावीकडच्या अर्ध्या भागात थेंब अगदी रांगेत, एकामागून एक पडत होते. उजवीकडे रांग तुटली होती. तिथे खाच दिसतच नव्हती. थेंब छज्ज्याच्या पोटाला धरून, थरथरत, भिंतीपर्यंत जात होता आणि मग गिलाव्यावरून खाली. जिथून खाली जात होता तिथे हाताच्या पंजाएवढी रुंद हिरवी-काळी पट्टी, खिडकीच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत.

"ही खाच कुणी बुजवली?"

"गेल्या वर्षी पेंटर आला होता..."

"पुट्टी भरली मेल्याने! नीटनेटकं दिसावं म्हणून. दर पेंटर हेच करतो. त्यांना वाटतं गवंड्याची चूक राहिली, आपण सुधारली. आता आत बघ, ह्याच्या मागे नक्की तुझा डाग असणार."

होताच. आतल्या बाजूला बरोबर तिथेच आमच्या गणपतीची जागा. मखर त्याच भिंतीला टेकून उभं राहतं. गणपती तोंडावर आलेले, चाकरमानी येणार, आणि तिथे रंगाचे पोपडे. पेंटर कालच बघून गेला होता. म्हणाला, खरवडून अँटिफंगल मारू, वर पुट्टी, वर दोन हात, दहा वर्षांची गॅरंटी.

"ओल्या भिंतीवर रंग म्हणजे ओल्या अंगावर इस्त्रीचा सदरा," काकू म्हणाल्या. "अनंत चतुर्दशीच्या आधी पोपडे तुझ्या मोदकांवर पडतील. आतून काहीही करायचं नाही. पाणी बाहेरून येतंय, ते बाहेरच अडवायचं. आतून पक्कं बंद केलंस तर ते भिंतीतच राहील, आणखी दोन हात चढेल नि तिसरीकडून निघेल. लोक तिथे पीव्हीसीचे पॅनेल मारतात. मागे बुरशी वाढते नि घरात सगळ्यांना शिंका. कुणाकडे ते सांगत नाही."

"नका सांगू."

"दवाखान्याच्या शेजारी."

"मग गणपतीला काय करू?"

"सुटे पोपडे तेवढे खरवडून काढ. मखर भिंतीपासून हातभर पुढे घे, मागे कापडाचा पडदा सोड. मागून वारा खेळू दे. कुणाला दिसणार नाही. आणि तो डाग आहे ना, त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मार नि बाजूला तारीख घाल. झड आली की दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ. पावसाळा सरेल तेव्हा भिंतीवर सगळा हिशोब लिहिलेला असेल, कुठल्या वाऱ्याला किती वाढला त्याचा. पेंटरपेक्षा त्या पेन्सिलीवर विश्वास ठेव."

"पण हा खोलीतला दमटपणाही असू शकेल ना? स्वयंपाकघराची वाफ..."

"त्यालाही युक्ती आहे. वीतभर प्लास्टिकचा तुकडा घेऊन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवायचा. दोन दिवसांनी बघायचं. पाणी खोलीकडच्या अंगाला धरलं असेल तर ते हवेतलं. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला असेल तर भिंतीतलं."

"आणि चिकटपट्टी चिकटलीच नाही तर?"

"तर उत्तर तिथेच मिळालं!"

काकू हसल्या आणि माझ्या जास्वंदीच्या वाफ्याकडे वळल्या. वाफा भिंतीला लागून आहे, आणि मातीची रास जोत्याच्या वरपर्यंत आलेली. "हे आधी हटव. भिंतीला मातीची कड नको. अंगणातल्या पाण्याचा उतारही घरापासून दूर हवा. फुकटची कामं आधी करायची."

"आणि पैशाची?"

"ती दसऱ्यानंतर. भिंत सुकल्याशिवाय हात लावायचा नाही. ऑक्टोबरच्या उन्हाने ती तापली की पहाड बांधायचा. नाण्याने भिंत वाजवत जायचं, बद्द आवाज आला की तिथला गिलावा पोकळ, तो काढून टाकायचा. भेगा नुसत्या वरून लिंपायच्या नाहीत. ग्राइंडरने इंग्रजी व्हीच्या आकारात कापून रुंद करायच्या, झाडून, पाणी मारून, पॉलिमर घातलेल्या मसाल्याने भरायच्या. बीमच्या सांध्यावर जाळी. गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला उतार आतल्या बाजूला, म्हणजे त्याच्यावरची घाण भिंतीवर ओघळत नाही. एसीच्या पाइपाचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं. डिश अँटेनाचे बोल्ट सील करावेत. पहाडाच्या बल्ल्यांसाठी भिंतीत ठेवलेली भोकं तर हमखास राहून जातात, वरून नुसता रंग. आणि छज्ज्याची ती खाच उघडायची. एक छिन्नी नि अर्धा दिवस!"

"रंग कुठला मग?"

इथे काकूंनी घराकडे बघितलं, काका ऐकताहेत का ते पाहिलं, आणि त्यांचंच म्हणणं आपलं म्हणून सांगितलं. नव्या गिलाव्याला चांगले अठ्ठावीस दिवस द्यायचे, मग रंग. सिमेंट पेंट स्वस्त, त्यातून भिंत श्वास घेते, पण त्यावरही पाणी मारावं लागतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो उडतो. इलॅस्टोमेरिक रंग जाड असतो, केसाएवढी भेग उघडमीट झाली तरी ताणला जातो, तुटत नाही. तो कोरड्या भिंतीवर उत्तम. ओली भिंत असेल तर मागे पाणी धरून फुगे येतात, बोटाने दाबले तर पचकन फुटतात. तिसरा तो पाण्यासारखा पारदर्शक, सिलेन-सिलोक्सेनचा. गिलाव्यात किंवा उघड्या चिऱ्यात मुरतो, बाहेरचं पाणी थेंब होऊन निसटतं, आतली वाफ मात्र बाहेर पडते. पण भेगा तो भरत नाही. म्हणजे कुठलाही डबा घ्या, आधी भेगा.

"आणि तरीही पश्चिमेला भागत नसेल," काकूंनी समारोप केला, "तर वर दोन फुटांचा पत्र्याचा छज्जा काढायचा. सगळ्यात स्वस्त तोच. पाणी भिंतीला लागलंच नाही तर तिला काय भिजायचंय? पण मुंबईकरांना पत्रा म्हणजे खालच्या दर्जाचं वाटतं. तिला तर बाई..."

फाटक वाजलं. मुंबईकरीण. हातात छत्री, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट.

"या या!" काकूंचा आवाज क्षणात साखरेत घोळून निघाला. "आत्ताच आम्ही बोलत होतो, पावसाबद्दल!"

"काका आहेत का? त्यांना हे दाखवायचं होतं," असं म्हणून तिने मोबाइल पुढे केला. भिंतीवरच्या डागाचे फोटो. गेल्या वर्षीच्या जूनपासून प्रत्येक मोठ्या पावसानंतरचा एक, शेजारी टेकवलेली मोजपट्टी, खाली तारीख आणि वाऱ्याची दिशा. कोब्याच्या आधीचे नि नंतरचेही. "मी मे महिन्यातच ह्यांना सांगत होते, पाऊस सरळ असतो तेव्हा काही होत नाही. पण ठेकेदार म्हणाला, मॅडम, पाणी वरूनच येतं."

काकूंनी चष्मा लावून फोटो एकेक करून सरकवले. चेहऱ्यावरचा भाव मी आजवर फक्त त्यांच्या सुनेच्या पुरणपोळीबाबत बघितला होता, आणि तोही एकदाच.

"हुशार आहेस हो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मी म्हणतच होते तुला!"

पुढच्या पाच मिनिटांत सगळं ठरलं. तीन घरांची कामं एकत्र काढायची, म्हणजे पहाडाचं भाडं एकदाच. गवंडी काका ठरवतील. रेती आधी चाखून बघायची, खारट लागली तर परत. गिलावा नोव्हेंबरात, विहिरींना पाणी आहे तोवर. पेंटर सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या पुट्टीच्या डब्यावर नजर ठेवायला दूधवाली. पत्र्याच्या छज्ज्यावर मुंबईकरीण थोडी घुटमळली, मग म्हणाली, "कौलाचा काढला तर?" काकू म्हणाल्या, "कौलाचा तर फारच छान दिसेल." बंगला डबा असल्याचं त्यांच्या आता लक्षातही नव्हतं.

"काकांना काही द्यायला हवं ना, देखरेखीचं?" मुंबईकरणीने संकोचून विचारलं.

"पैसे नको हो. चार वाजता चहा द्या म्हणजे झालं. पण बिनसाखरेचा. ते तुमच्याकडे साखरेचा मागतील, डॉक्टरांनी चालेल म्हटलंय असंही सांगतील. अजिबात ऐकायचं नाही. भिंतीच्या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण, साखरेच्या बाबतीत माझा."